हृदयासाठी म्हणून रोज एक ग्लास?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका 57 वर्षांच्या आहेत, शाळेतून निवृत्त झाल्या आहेत आणि पुण्यात राहतात. यजमान 61 वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. रक्त पातळ ठेवण्याच्या, कोलेस्टेरॉलच्या आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत, साखर ‘बॉर्डरवर’ आहे. मुलीचं सासर दिंडोरी तालुक्यात. व्याही करारावर वाईनरीला द्राक्षं देतात. दिवाळीला त्यांनी रेड वाईनच्या बाटल्यांचा खोका पाठवला आणि ‘हृदयाला चांगली असते, रोज एक ग्लास घेत जा’ असा निरोपही. आयुष्यभर थेंबाला न शिवलेले यजमान तेव्हापासून रोज जेवणाआधी एक ग्लास घेतात. खोका संपला, आता स्वतः बाटल्या आणतात. ‘तुझंही बीपी आहे, तूही घे, शिरा मोकळ्या राहतात’ असा आग्रह सुरू झाला आहे. अमेरिकेतून आलेल्या भाच्याने रेझ्वेराट्रॉलच्या (द्राक्षाच्या सालीतल्या एका रसायनाच्या) कॅप्सूल दिल्या आहेत, त्या कपाटात पडून आहेत. पत्रलेखिका विचारतात: हे खरंच औषध आहे का? असेल तर मी उगीच आडवी येते आहे का? नसेल तर व्याह्यांना न दुखावता हे थांबवायचं कसं? आणि वाईनऐवजी द्राक्षाचा रस चालेल का?

ताई,

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलं आहे, ‘विज्ञान ह्यांच्या बाजूने आणि माझ्या बाजूला फक्त आईने लावलेलं वळण.’ वाद असा मांडलात की तो सुरू होण्याआधीच तुम्ही हरता. म्हणून आधी ही वाटणीच मोडू या. तुमचे यजमान जे सांगतात त्यातला बराच भाग खरा आहे. अडचण एवढीच, की त्यांनी ती गोष्ट साधारण 1993 पर्यंत ऐकली आहे आणि ती तिथे संपत नाही.

आधी खरा भाग. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचं एकेरी अस्तर असतं, एन्डोथेलियम म्हणतात त्याला. फार वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महारोहिणीचे, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीचे, तुकडे द्रावणात टांगून त्यांवर अ‍ॅसिटाइलकोलीन टाकत. जिवंत प्राण्यात हे रसायन रक्तवाहिन्या सैल करतं, त्यांच्या तुकड्यांत मात्र उलट, ते आखडत. मग एकदा तुकडा वेगळ्या तऱ्हेने कापला गेला आणि तो चक्क सैल पडला. कारण सापडलं ते असं: आधीच्या पद्धतीत हाताळताना आतलं अस्तर घासून निघून जायचं. सैल पडण्याचा हुकूम स्नायूला हे अस्तरच देत होतं. हा शोध 1980 साली छापला गेला. हुकूम पोचवणारा निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, हे 1987 मध्ये स्पष्ट झालं आणि 1998 मध्ये फर्चगॉट यांच्यासह तिघांना नोबेल मिळालं. मी औषधशास्त्र शिकवत असताना हा प्रयोग मुलांचा फार आवडता असे. कोमट द्रावणात तारेला अडकवलेली दोन-तीन मिलिमीटरची कडी, तिला जोडलेली लेखणी, आणि औषधाचा थेंब पडल्यावर कागदावर हळूहळू उतरत जाणारी रेघ. ती रेघ उतरताना पाहिली की ‘शिरा मोकळ्या होणं’ म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता वाईन. 1993 मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी उंदराच्या महारोहिणीच्या अशाच कड्यांवर वाईन, द्राक्षाचा रस आणि द्राक्षाच्या सालींचा अर्क टाकून पाहिला. कड्या सैल पडल्या. अस्तर खरवडून काढलं, तर काहीच झालं नाही. म्हणजे द्राक्षाच्या सालीतलं काहीतरी त्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावत होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे पॉलिफेनॉल: फळांना रंग, तुरटपणा आणि किडीपासून संरक्षण देणाऱ्या रसायनांचं मोठं कुटुंब. रेड वाईन साली आणि बियांसकट आंबवतात म्हणून तिच्यात ही रसायनं भरपूर उतरतात. व्हाईट वाईनचा रस आधीच पिळून वेगळा करतात, त्यामुळे तिच्यात ती फार कमी. पुढे लंडनच्या एका गटाने दाखवलं की रेड वाईनमधली पॉलिफेनॉल, विशेषतः प्रोसायनिडिन, रक्तवाहिनी आखडवणाऱ्या एन्डोथेलिन नावाच्या पदार्थाची निर्मितीही कमी करतात. हे काम ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात 2001 आणि 2006 मध्ये आलं.

माणसांतही हे मोजता येतं, आणि सुई न टोचता. हातावर बीपीचा पट्टा पाच मिनिटं घट्ट आवळून ठेवतात, मग एकदम सोडतात. रक्त धावत येतं आणि अस्तर धडधाकट असेल तर दंडातली धमनी रुंदावते. किती रुंदावली ते सोनोग्राफीत दिसतं. धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब यांत हे रुंदावणं कमी होतं. अमेरिकेत 1999 मध्ये हृदयरोग असलेल्या 15 जणांना दोन आठवडे जांभळ्या द्राक्षांचा रस दिला, तर त्यांच्यात ते सुधारलं.

वाईन नव्हे हं. रस.

आणि इथेच तुमच्या यजमानांच्या गोष्टीला फाटा फुटतो. मी त्यांच्याशी बोलत असते तर दुसरं काही न सांगता बार्सिलोनाचा एक प्रयोग सांगितला असता. हृदयविकाराचा धोका जास्त असलेले 67 पुरुष, बहुतेक तुमच्या यजमानांच्या वयाचे. प्रत्येकाने चार आठवडे रोज रेड वाईन घेतली, चार आठवडे तीच वाईन पण अल्कोहोल काढून टाकलेली, आणि चार आठवडे जिन, म्हणजे अल्कोहोल वाईनइतकंच पण पॉलिफेनॉल जवळपास नाहीत. निष्कर्ष 2012 मध्ये आले. रक्तदाब ठळकपणे कमी झाला तो अल्कोहोल काढलेल्या वाईनने, वरचा आकडा सुमारे 6 आणि खालचा 2 अंकांनी. रक्तातल्या नायट्रिक ऑक्साइडची पातळीही तेव्हाच वाढली. नेहमीच्या वाईनने दखल घ्यावी असा फरक पडला नाही, जिनने तर नाहीच. प्रयोग लहान आहे, सगळे पुरुष आहेत, महिन्याभराचा आहे, हे सगळं मान्य. पण त्याने दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या, ज्या बाटलीत कायम एकत्र असतात. पॉलिफेनॉल एका हाताने जे देतात ते अल्कोहोल दुसऱ्या हाताने काढून घेतं. रोजच्या अल्कोहोलने रक्तदाब वाढतो ही तर कुठल्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकातली गोष्ट आहे.

मग जगभर ‘वाईन हृदयाला चांगली’ हे पसरलं कसं? फ्रान्समुळे. तिथले लोक लोणी, चीज, मांस मनसोक्त खातात आणि तरी हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण कमी, या कोड्याला ‘फ्रेंच पॅराडॉक्स’ म्हणतात. नोव्हेंबर 1991 मध्ये अमेरिकेतल्या ‘60 मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमात उत्तर म्हणून रेड वाईनचा ग्लास उंचावून दाखवला गेला आणि तिथे रेड वाईनची विक्री झपाट्याने वाढली. पुढच्या वर्षी फ्रेंच संशोधक सर्ज रेनो यांचा गाजलेला लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. गंमत म्हणजे त्याच 1991 मध्ये खुद्द फ्रान्सने दारूच्या जाहिरातींना लगाम घालणारा कायदा केला होता. आज फ्रान्सची सरकारी आरोग्य संस्था सांगते, दिवसाला दोन ग्लासांहून जास्त नाही आणि रोज तर नाहीच. जिथून आपण ‘रोज एक ग्लास’ आयात केला, तिथेच रोज घेऊ नका म्हणतात.

थोडी पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, असं दाखवणारे अनेक अभ्यास आहेत, आणि यजमान त्यातला एखादा तुमच्यासमोर ठेवतीलही. त्यातली मेख समजून घ्या. ‘न पिणारे’ या रकान्यात कोण कोण बसतं? जन्मात न प्यालेले बसतात, आणि यकृत बिघडलं, छातीत दुखलं, डॉक्टरांनी तंबी दिली म्हणून सोडलेलेही बसतात. आजारी माणसं तिकडे जमली की इकडचे थोडी पिणारे आपोआप तंदुरुस्त दिसतात. शिवाय जेवणासोबत एक ग्लास वाईन घेणारा युरोपीय माणूस बहुधा चांगल्या पगाराचा, फिरायला जाणारा, भाज्या-फळं खाणारा असतो. त्यातलं श्रेय वाईनला किती आणि बाकीच्या आयुष्याला किती? हे सोडवायला संशोधकांनी जनुकांचा आधार घेतला. काही लोकांना जन्मजात अल्कोहोल सोसत नाही, म्हणून ते कमी पितात. त्याचा पगाराशी किंवा आजारपणाशी संबंध नसतो. चीनमधल्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या 2019 सालच्या अभ्यासात असं पाहिलं, तेव्हा ‘थोडी घेतली तर पक्षाघातापासून संरक्षण’ हा आभास विरून गेला. जितकी जास्त, तितका धोका जास्त, एवढंच उरलं. आपल्याबाबत तर आणखी एक गोष्ट आहे. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात इतरांत मद्याचा जो थोडासा फायदा दिसत होता, तो दक्षिण आशियाई लोकांत दिसलाच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट म्हटलं, अल्कोहोलची कुठलीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. यामागचं मोठं कारण हृदय नाही, कर्करोग आहे. मद्यपेयं 1988 पासून कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात, आहेत. स्त्रियांसाठी स्तनांच्या कर्करोगाचा धोका थोड्या मात्रेतही वाढतो. ताई, ‘तूही घे’ या आग्रहाला तुमचं उत्तर इथे आहे, आणि त्यात आईच्या वळणाचा काही संबंध नाही. बीपीसाठी वाईन सुरू करू नका. न पिणाऱ्या माणसाला हृदयासाठी पिणं सुरू करा असं कुठलीही जबाबदार हृदयरोग संघटना सांगत नाही.

यजमानांचा प्रश्न थोडा वेगळा. ते घेतच आहेत. त्यांच्या मनात ‘वाईन म्हणजे काही दारू नव्हे’ असंही असेल. आपल्याकडे 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्याचा निर्णय सरकारने घेतला तेव्हा हे वाक्य अगदी वरच्या वर्तुळातूनही ऐकू आलं. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळावा ही कळकळ मला समजते. पण शरीराचा हिशेब सोपा आहे. 150 मिलिलिटरच्या ग्लासात 13 टक्क्यांच्या हिशेबाने साधारण 15 ग्रॅम अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम. यजमान रोज दीड पेग घेताहेत, असं सांगितलं तर व्याही तरी ‘हृदयाला चांगलं’ म्हणाले असते का? आणि घरातला ग्लास मोजून पाहा. पाण्याच्या स्टीलच्या पेल्यात ओतत असतील तर 150 वर थांबणं कठीणच. (जाता जाता: महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना मिळतो त्यात तो आरोग्य राखण्यासाठी दिल्याचं म्हटलेलं असतं. कायद्याला विनोदाचं अंग नसतं असं कोण म्हणतं?)

त्यांच्या गोळ्यांकडे बघू. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव व्हायचा धोका थोडा वाढलेलाच असतो, त्यात रोजचं अल्कोहोल भर घालतं. बीपीची गोळी रात्री घेत असतील आणि त्याच वेळी वाईन, तर रात्री लघवीला उठताना चक्कर येऊ शकते. या वयात पडणं परवडत नाही. अल्कोहोलने ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, वाढतात. साखर बॉर्डरवरून पलीकडे गेली आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध सुरू झालं, तर डॉक्टर अल्कोहोलबद्दल पुन्हा विचारतीलच. अनियमित ठोक्यांचा त्रास असलेल्यांना तर ते सोडल्याने फायदा होतो, हे चांगल्या चाचणीत दिसलं आहे. म्हणजे ज्या माणसाने ‘हृदयासाठी’ म्हणून सुरू केलं, त्याच्याच हृदयाला ते सोसण्याची शक्यता सगळ्यात कमी.

आता एक नाजूक गोष्ट. मला वाटतं, यजमानांना ती आवडू लागली आहे. संध्याकाळ, ग्लास, थोडा निवांतपणा, निवृत्तीनंतर हाताशी आलेली एक नवी सवय. आवडणं हा गुन्हा नाही. प्रश्न होतो तो ‘औषध’ म्हटल्यामुळे. औषध रोज घ्यावं लागतं, चुकवायचं नसतं, बायकोलाही द्यायचं असतं आणि त्याबद्दल कुणी वाद घालायचा नसतो. आवडीची गोष्ट मात्र कमी-जास्त करता येते, एखाद्या लग्नापुरती, सणापुरती ठेवता येते, डॉक्टरांना विचारून सोडताही येते. तुम्ही त्यांच्याशी भांडण काढायचंच असेल तर ‘पिऊ नका’ यावर काढू नका. ‘आवडते म्हणून घेता ना? मग तसं म्हणा, आणि मग किती आणि कधी ते ठरवू’ एवढंच म्हणा. त्यावर त्यांना आकाशपाताळ एक करायला कारण उरणार नाही. माझं स्वतःचं मत विचाराल, तर स्टेंट असलेल्या आणि आयुष्यभर न प्यालेल्या माणसाने हे बंद करावं. पण हे मी सांगण्यापेक्षा त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञाने सांगावं. आपण सांगितलेलं नवऱ्यांना ऐकू येत नाही, हा अनुभव तुम्हालाही असेलच.

भाच्याच्या कॅप्सूल कपाटातच राहू द्या. रेझ्वेराट्रॉल हे द्राक्षाच्या सालीतलं एकच पॉलिफेनॉल, आणि उंदरांवरच्या प्रयोगांमुळे त्याला अफाट प्रसिद्धी मिळाली. एका बड्या औषध कंपनीने 2008 मध्ये त्यावर काम करणारी छोटी कंपनी 72 कोटी डॉलरना विकत घेतली, आणि दोनच वर्षांत त्यांच्या खास रेझ्वेराट्रॉलची रुग्णांवरची एक चाचणी थांबवावी लागली. याच विषयावर ढीगभर निबंध लिहिणाऱ्या अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाने आकडे आणि छायाचित्रं बनवल्याचं त्यांच्याच विद्यापीठाच्या चौकशीत 2012 मध्ये पुढे आलं. वाईनच्या लिटरभरात हे फार तर काही मिलिग्रॅम असतं. कॅप्सूलमध्ये 250 ते 500 मिलिग्रॅम असतं, म्हणजे द्राक्षातल्या मात्रेशी तिचा काही ताळमेळच नाही. इटलीतल्या कियांती भागात, जिथे वाईन पाण्यासारखी जेवणात असते, 65 वर्षांवरच्या 783 जणांच्या लघवीत रेझ्वेराट्रॉलचे अंश मोजले आणि त्यांच्याकडे काही वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांच्यात ते जास्त होतं त्यांना हृदयविकार कमी झाला नाही, मृत्यूही कमी झाले नाहीत. आणि मघाच्या फ्लोरिडाच्या प्रयोगात सालीतल्या क्वेर्सेटिन या दुसऱ्या पॉलिफेनॉलने आणि टॅनिक आम्लाने कड्या सैल पडल्या होत्या, रेझ्वेराट्रॉलने नाही! हे 1993 लाच छापलेलं होतं. वाचलं कुणी? शिवाय मोठ्या मात्रेत ते रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांच्या कामात लुडबूड करू शकतं, म्हणून यजमानांच्या हाती तर या कॅप्सूल लागूच देऊ नका.

द्राक्षाचा रस? 1999 च्या अभ्यासात तो चालला, हे खरं. पण बाजारातला रस म्हणजे साखरेचं पाणीच जवळजवळ, आणि तुमच्या घरी साखर बॉर्डरवर आहे. हंगामात काळी द्राक्षं, सालीसकट, मूठभर, जेवणानंतर नव्हे तर मधल्या वेळी. बियांची मिळाली तर बिया चावून. तुरट लागतील, तो तुरटपणा म्हणजेच प्रोसायनिडिन. डाळिंबाचंही तसंच: दाणे खा, रस नको.

पण मला खरं म्हणायचं आहे ते असं, की पॉलिफेनॉलसाठी द्राक्षाच्याच मागे लागायचं कारण नाही. आपल्या स्वयंपाकघरात ती भरली आहेत आणि आपण ती काढून फेकतो. शेंगदाणे भाजले की हातावर चोळून फोलपटं फुंकून उडवतो ना? त्या लाल फोलपटांत वाईनमधल्याच जातीची प्रोसायनिडिन असतात. कूट फोलपटांसकट करा. रंग थोडा गडद येतो, चव बिघडत नाही. नाचणीचं सत्त्व काढताना आपण तिचं साल गाळून टाकतो, आणि पॉलिफेनॉल असतात सालातच. भाकरी त्याहून बरी. लाल कांद्याच्या बाहेरच्या पाकळ्यांत क्वेर्सेटिन सर्वांत जास्त, त्या सोलून फेकू नका, फक्त वाळलेलं साल काढा. जांभळं आली की भरपूर खा, आवळा वर्षभर कुठल्या ना कुठल्या रूपात असू द्या, मात्र मोरावळ्यातली साखर विसरू नका. कोकमातही सुंदर लाल रंगद्रव्य आहे, पण एक धोक्याचं: आगळ मीठ घालूनच टिकवतात आणि अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. बीपीवाल्या घरात आमसूल पाण्यात भिजवून त्याचं सार करा, मीठ चवीपुरतंसुद्धा नको इतकं कमी.

चहाचा एक किस्सा तुम्हाला आवडेल. बर्लिनमध्ये 2007 मध्ये रजोनिवृत्त झालेल्या 16 स्त्रियांना, म्हणजे तुमच्याच वयोगटातल्या, काळा चहा पाजून दंडातली धमनी मोजली. ती छान रुंदावली. त्याच चहात दहावा हिस्सा दूध घातलं, तर फायदा जवळपास नाहीसा झाला. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या पॉलिफेनॉलला बांधून ठेवतं, असा त्यांचा अंदाज. अभ्यास लहान आहे आणि सगळ्या संशोधकांचं यावर एकमत नाही, तेव्हा सकाळचा आल्याचा दुधाचा चहा सोडा असं मी सांगणार नाही. सोडायचाच तर आधी मलाच सोडावा लागेल. पण दुपारचा एक कप कोरा, लिंबू पिळून, करून पाहायला हरकत नाही. साखर न घालता. वाईनच्या ग्लासात साधारण जितके पॉलिफेनॉल असतात, तितके दोन कप कोऱ्या चहात सहज येतात.

कोकोबद्दल सगळ्यात मोठी चाचणी झाली आहे. अमेरिकेत 21,442 ज्येष्ठांना काही वर्षं कोको अर्काची गोळी किंवा बिनऔषधी गोळी दिली. मुख्य कसोटी, म्हणजे हृदयविकाराच्या एकूण घटना, तिथे फरक संख्याशास्त्राला पटण्याइतका पडला नाही. हृदयविकाराने झालेले मृत्यू मात्र कमी दिसले. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण पॉलिफेनॉलच्या बाजूनेही अतिशयोक्ती होते. धमनी दोन टक्के जास्त रुंदावली म्हणजे झटका टळला, असं नव्हे. त्यासाठी यजमानांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीकडे पुरावा आहे, बीपीच्या गोळीकडे आहे, चालण्याकडे आहे. जांभळाकडे तसा नाही. जांभूळ खावं ते चांगलं फळ म्हणून.

आता व्याही. त्यांनी प्रेमाने पाठवलं, आणि ती त्यांची शेती आहे, त्यांचा मान आहे. ‘तुमची वाईन विष आहे’ असं मुलीच्या सासरी कळवायची काही गरज नाही. यजमानांनीच फोन करावा, तुम्ही नव्हे, नाहीतर ‘विहीणबाईंना आवडलं नाही’ असा अर्थ निघेल. ‘स्टेंट आहे ना, डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर नको म्हटलंय, पुढच्या वेळी मळ्यातली द्राक्षं पाठवा’ एवढं पुरेल. वाईनची द्राक्षं, शिराझ किंवा कॅबरने, बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात. गोडी खायच्या द्राक्षांहून जास्तच आणि गर कमी, पण आत्ता जे सांगितलं त्यासाठी हीच चांगली. हंगामात किलोभर आली, तर व्याह्यांना किती आनंद होईल बघा. मुलीला मात्र आधी खरं काय ते सांगून ठेवा, म्हणजे निरोपाचे दोन अर्थ होणार नाहीत.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना, कारण अशी पत्रं मला बरीच येतात. रोज एक ग्लास घेणारा माणूस उद्यापासून थांबू शकतो, काही होत नाही. पण घरात कुणी बरीच वर्षं रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त घेत असेल, तर हा लेख दाखवून एका रात्रीत बंद करायला लावू नका. अचानक थांबवलं तर हात थरथरणं, भास होणं, फिट येणं, जिवावर बेतणं, सगळं होऊ शकतं. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरावं लागतं.

तुमच्या घरी आता करायचं ते इतकंच. पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांच्या चिठ्ठीवर ‘रेड वाईन, रोज, अमुक मिलिलिटर’ हेही लिहून न्या. बहुतेक लोकांचं ते सांगायचं राहून जातं आणि डॉक्टरांचं विचारायचं. आणि यजमानांना पटत नसेल, तर त्यांनाच बीपी मोजू द्या: आधी आठवडाभर वाईन चालू ठेवून, मग चार आठवडे बंद ठेवून. रोज सकाळी, गोळी आणि चहा यांच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून पाच मिनिटं बसून, हात टेबलावर छातीच्या उंचीला, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. फरक दोन-तीन अंकांचाही असेल, जास्तही असेल, किंवा दिसणारही नाही. गोळ्यांत मधेच बदल करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. वहीतले आकडे डॉक्टरांसमोर ठेवा, आणि त्याच वेळी तुमचंही बीपी तिथेच मोजून घ्या.